हॉल ते मागची खोली, २२ मीटर

फाइल कॉपी करायला लावली तेव्हा पडद्यावर दिसत होतं, उरलेला वेळ २ तास ४७ मिनिटं. मी कुकर लावला, जेवले, अण्णांना ताक दिलं, ओटा आवरला आणि परत येऊन बघितलं, तर उरलेला वेळ ३ तास १० मिनिटं. आमच्या घरातल्या वायफायचा हिशेब हा असा. वाट बघावी तितका वेळ वाढायचा.

माझं काम व्हिडिओ संकलनाचं. माहितीपट, संस्थांच्या छोट्या फिल्म, आणि नाही म्हणता येत नाही अशा घरचं एखादं लग्न. एका चित्रीकरणाचं साहित्य सहज २५० जीबी भरतं. ते सगळं हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटात ठेवलेल्या नॅसवर असतं. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा. त्यात दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच साहित्य, म्हणजे एक बसली तरी दुसरी शाबूत. ‘मग तो डबा स्वतःच्या टेबलावर का ठेवत नाहीस?’ असं मला आजवर चौघांनी विचारलंय. ठेवत नाही, कारण तो घरघरतो. आवाजाचं कामही मी त्याच खोलीत करते. मुलाखत देणाऱ्याने बोलता बोलता आवंढा गिळलेला मला ऐकू यायला हवा, डिस्क फिरलेली नव्हे.

तर डबा हॉलमध्ये, फायबरचा राउटरही हॉलमध्ये, आणि मी पार मागच्या खोलीत, ड्राय बाल्कनीला लागून. सरळ रेषेत मोजलं तर १४ मीटर. पण मध्ये चार भिंती, एक लोखंडी कपाट आणि फ्रिज. कोथरूडमधली आमची इमारत १९९३ची, विटांच्या भिंती आणि त्यावर सढळ हाताने केलेलं प्लॅस्टर. आमच्या वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान असते, पण प्रत्येक भिंतीला ती थोडी थोडी खर्ची पडते. २.४ची भिंतीतून जरा बरी जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. आणि माझ्या लॅपटॉपला मागच्या खोलीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची एकोणीस वायफाय नावं दिसतात. तीन चॅनेलांत एकोणीस घरं म्हणजे सार्वजनिक नळ. एक जण भरत असेल तेव्हा बाकीच्यांनी थांबायचं.

आधी स्वस्त उपाय केले. पॅसेजमध्ये रिपीटर लावला. फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसू लागल्या, मुलगा खूश झाला आणि माझा कॉपीचा वेग निम्म्यावर आला. यात त्या रिपीटरची काही चूक नव्हती. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा बोलली जाते. मग मेश घ्यायचा विचार केला, म्हणजे घरभर ठेवलेल्या दोन-तीन डब्यांचं मिळून एकच वायफाय. पण ज्या मेशमध्ये डब्याडब्यांतला निरोपही वायफायवरूनच जातो, त्यात रोग तोच, फक्त डबे देखणे. मेश चांगला चालतो तो त्याचे डबे तारेने जोडलेले असतील तेव्हा. आणि तार ओढायचीच असेल तर ती थेट माझ्या टेबलापर्यंत का नको?

हे मी बोलून दाखवलं ते अण्णांपुढे. अण्णा म्हणजे माझे सासरे. टेलिफोन खात्यातून केबल जॉइंटर म्हणून निवृत्त झाले. रस्त्याकडेच्या खड्ड्यावर छोटा तंबू लावून, शंभर-दोनशे जोड्यांची केबल मांडीवर घेऊन बसलेली माणसं पूर्वी दिसायची, त्यांतले ते एक. माझी कुरकुर आठवडाभर ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “अगं, भिंतीत पाइप आहेत की. तार ओढ.”

फ्लॅट बुक करताना त्यांनी बिल्डरशी भांडून प्रत्येक खोलीत टेलिफोनचा पॉइंट मागून घेतला होता. घरात एकच फोन आणि तोही हॉलमध्ये राहणार, हे माहीत असून. सासूबाई शेवटपर्यंत त्यावरून त्यांना चिडवत. हॉलमधून निघालेले पाऊण इंची पाइप पॅसेजमधून प्रत्येक खोलीत गेले होते. त्यांत टीव्हीची जुनी केबल आणि फोनची बारीक जोडतार झोपून होती, आणि दिव्यांच्या वायरिंगशी त्यांचा काही संबंध नव्हता. तीस वर्षं ज्याला फाजील खर्च म्हटलं, त्याच्यावर आता सगळी भिस्त.

कोणती तार घ्यायची यावर मी तीन रात्री घालवल्या. खरं तर अर्धा तास पुरला असता. कॅट म्हणजे नेटवर्कच्या तारेची प्रत. कॅट फाइव्ह-ई तारेवरून सेकंदाला १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत आरामात जातो, आणि २०१६ साली आलेल्या मानकानुसार २.५ गिगाबिटही जातो. कॅट सिक्सवर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत धरतात. त्यापुढे पूर्ण १०० मीटरसाठी कॅट सिक्स-ए. माझी सगळी वाट २२ मीटरची, म्हणजे सिक्स-एची गरजच नव्हती. शिवाय ती जाड आणि ताठ. पाऊण इंची पाइपच्या वळणातून दोन सिक्स-ए ओढणं म्हणजे पिशवीतून शिडी नेणं. कॅट सेव्हन, कॅट एट असलं छापलेल्या चपट्या तारा ऑनलाइन दिसतात, त्यांच्याकडे मी पाहिलं नाही आणि कुणी पाहूही नये.

खरेदीला तपकीर गल्ली, म्हणजे पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार, याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही. आनंदनगरला मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलली आणि मंडईला उतरून चालत गेले. पूर्वी या कामाला गाडी काढायची म्हणजे पार्किंगपायी अर्धा जीव जायचा. दुकानदाराने पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला. “कॉपर देऊ का सीसीए?”

सीसीए म्हणजे आतून अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. जवळजवळ निम्म्या भावात मिळते. दिसायला तीच, छापील अक्षरंही तीच. पण तिचा विद्युतरोध जास्त, ती वाकवली की लवकर तुटते, आणि तारेतूनच वीज घेणारा कॅमेरा जोडला तर तापते. दुकानदाराने मी न मागता दोन्हींचे तुकडे काढून ब्लेडने खरवडून दाखवले. एकाखाली पांढरं चकचकीत निघालं, दुसरं आतपर्यंत तांबूस. “अहो ताई, सीसीए वाईट नाही, पण भिंतीत घालू नका. टेबलाखाली चालते.” भिंतीत एकदा गेलेली तार काढताना काय होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मी मान डोलावली. मीटरला २८ रुपयांनी ६० मीटर कॅट सिक्स घेतली. मागच्या खोलीला एक पुरली असती, पण अण्णांचं सांगणं होतं, “ओढायचीच तर दोन ओढ. मजुरी तीच.”

वायरमन आला तो गुरुवारी. आमच्या भागात गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, त्यामुळे प्लॅस्टरची सगळी धूळ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरात तशीच राहिली. त्यात सोसायटीचा नियम, दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद. म्हणजे काम होतं दोन तुकड्यांत, दोन्हींच्या मध्ये सगळ्यांसाठी चहा.

त्याची पद्धत सोपी होती. जुन्या टीव्ही केबलच्या टोकाला नवी तार बांधायची, हॉलच्या बाजूने ढकलायचं आणि मागच्या खोलीतून जुनी केबल ओढायची, म्हणजे जुनी बाहेर आणि नवी आत. सहा मीटर छान आली. मग पॅसेजमध्ये कुठेतरी अडली. त्याने जोर लावला, त्याच्या पोऱ्याने जोर लावला, आणि जुनी केबल हातात आली. नुसतीच. बांधलेली गाठ भिंतीत सुटली होती.

यानंतरचा दीड तास सांगण्यासारखा नाही. पाइपात सरकवायची लांब लवचीक स्प्रिंग घातली, ती पाच मीटरवर थांबली. दुसऱ्या बाजूने घातली, तीही थांबली. टाल्कम पावडर फुंकून झाली. शेवटी वायरमन म्हणाला, “मॅडम, हे सोडा. लाइटच्या पाइपात भरपूर जागा आहे, त्यातून पाच मिनिटात देतो.”

इथे मी नाही म्हणाले. त्याला ते आवडलं नाही. कारण निव्वळ सुरक्षिततेचं होतं. नेटवर्कच्या तारेचं आवरण २३० व्होल्टच्या शेजारी राहण्यासाठी केलेलं नसतं. ओढताना एखाद्या जुन्या वायरचं आवरण सोललं गेलं, तर विजेची वाट थेट माझ्या कॉम्प्युटरपर्यंत, आणि त्याला हात लावणाऱ्या माझ्यापर्यंत. त्यापुढे गती आणि गोंगाट हे मुद्दे किरकोळ. “सगळे असंच करतात,” तो म्हणाला. करत असतील.

अण्णा दुपारची झोप आटोपून चारला बाहेर आले. त्यांनी पॅसेजकडे एकदा, हॉलकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “इथे दोन वळणं आहेत. दोन वळणांच्या मध्ये डबी असल्याशिवाय पाइप टाकत नाहीत. डबी कुठंय?” डबी म्हणजे जंक्शन बॉक्स. ती कुणालाच दिसत नव्हती. अण्णांनी स्वयंपाकघरातून डाव आणला, स्टुलावर चढायला निघाले, मी त्यांना चढू दिलं नाही, तेव्हा पोऱ्याला चढवून त्याच्याकडून छताखालची भिंत ठोकून घेतली. भद, भद, भद, आणि मग टक. तीन रंगकामांची पुट्टी त्या डबीवर बसली होती. खरवडल्यावर झाकण निघालं, आणि आत आमची सुटलेली गाठ, दोन इंचांवर.

डबीतून आधी एक टोक, मग दुसरं. दहा मिनिटांत दोन्ही तारा मागच्या खोलीत. आता माझं ठाम मत झालंय की घरातलं नेटवर्क म्हणजे तारेचा खर्च नव्हे, वाटेचा शोध. तार १,६८० रुपयांची होती. सगळा दिवस गेला तो वाटेवर.

मुलाच्या खोलीचा पाइप मात्र खरोखरच बुजलेला निघाला. मध्ये कधीतरी बाथरूमची फरशी बदलताना कुणीतरी त्यात सिमेंट ओतलं होतं. तिथे स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टी मारली. दिसायला बरी दिसत नाही. मुलाला फरक पडत नाही, मला दर वेळी केर काढताना पडतो.

संध्याकाळी वायरमनने सगळ्या टोकांना प्लग चढवले, म्हणजे ते आठ पिनांचे पारदर्शक. टेस्टर लावला. एका टोकाला एक ते आठ दिवे क्रमाने लागत गेले, दुसऱ्या टोकालाही तसेच. “बघा मॅडम, आठच्या आठ.” मी पैसे दिले, तो गेला. मी तार लावली आणि पडद्यावर बघितलं.

१०० मेगाबिट.

गिगाबिट नाही. वायफायपेक्षाही कमी. कधी मध्येच १ गिगाबिटची जोडणी लागायची, तीन-चार सेकंदांत तुटायची आणि परत १०० वर येऊन बसायची. मी पॅचकॉर्ड, म्हणजे टोकाला लावायची छोटी तयार तार, बदलली. राउटरचं पोर्ट बदललं. कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर नवं केलं. दुसरी तार लावली, तीही तशीच. रात्री दीडला तपकीर गल्लीतल्या त्या सज्जन माणसाने मला सीसीएच दिली असणार अशी खात्री होऊन उरलेल्या तुकड्यावर ब्लेड चालवलं. तांबंच होतं.

एवढं मला ठाऊक होतं की या तारेच्या आत आठ बारीक तारा चार जोड्यांनी असतात, आणि १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. म्हणून सरळसरळ गिगाबिटवरून १०० वर घसरलं की एखादी तार तुटली असं समजतात. पण तुटली असती तर टेस्टरचा दिवा लागला नसता. आणि दिवे तर आठही लागत होते. हा टेस्टर मी नंतर विकत घेतला, २५० रुपयांचा. तो काय सांगतो? एवढंच की इकडची तीन नंबरची पिन तिकडच्या तीन नंबरला पोचली. ती कुठल्या सोबत्याबरोबर पोचली, हे तो सांगत नाही.

शुक्रवारी सकाळी अण्णा पेपर वाचून झाल्यावर माझ्या खोलीत आले. वाचायचा चष्मा होताच. त्यांनी प्लग उजेडाकडे धरला, नखाने रंग मोजले आणि म्हणाले, “जोडी फोडलीये गं त्याने.”

वायरमनने रंग लावले होते ते असे, नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी. सरळ, नीटनेटके, शेजारी शेजारी. दोन्ही टोकांना तसेच. आपल्यासारख्या कुणालाही हेच बरोबर वाटेल. पण प्लगमध्ये जोड्या अशा बसत नाहीत. १-२ ही एक जोडी, ७-८ ही एक, मधली ४-५ एक, आणि उरलेली जोडी त्या मधलीच्या अल्याड-पल्याड, ३ आणि ६. म्हणजे त्याच्या पद्धतीत ३ वर हिरव्या जोडीतली तार आली आणि ६ वर निळ्या जोडीतली. विजेच्या दृष्टीने सगळं जोडलेलं, पण जे दोघं जोडीने जायला हवेत ते तारेत वेगवेगळ्या पिळात.

पिळाची गोष्ट अण्णांनी सांगितली ती मला कुठल्याही लेखापेक्षा जास्त कळली. “दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेल्या की बाहेरचा त्रास दोघींना सारखाच होतो. एकीतून जाणारं आणि दुसरीतून येणारं यांतला फरक तेवढा आपण ऐकतो, म्हणून दोघींना झालेला त्रास वजा होऊन जातो. जोडी फुटली की त्रास वजा होत नाही. आमच्याकडे फुटली तर काय व्हायचं? तुझ्या फोनवर शेजारच्या बाईचं बोलणं. लोक म्हणायचे क्रॉस लागलाय. शंभर जोड्यांच्या केबलमध्ये एक फुटलेली जोडी शोधायला अख्खा दिवस जायचा.” ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या नावावर १८८१ च्या पेटंटमध्ये नोंदलेली आहे, हे मी त्यांना नंतर वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही.

मी उरलेला तुकडा सोलून दाखवला. कॅट सिक्सच्या आत मध्ये अधिकच्या चिन्हासारखा प्लॅस्टिकचा कणा असतो, चार जोड्यांना चार घरांत ठेवायला. अण्णांनी चारही जोड्या पसरल्या आणि लगेच म्हणाले, “प्रत्येकीचा पीळ वेगळा आहे. कमीजास्त.” खरंच आहे. पीळ सारखा असता तर शेजारच्या जोड्या एकमेकींशी तालात येऊन कुजबुजल्या असत्या, म्हणून मुद्दाम वेगवेगळा ठेवतात. मग त्यांनी रंग मोजले, “ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन... स्लेट कुठंय?” टेलिफोनच्या केबलमध्ये याच क्रमाने पाचवा करडा रंग येतो. तो इथे नाही म्हणून ते थोडे खट्टू झाले. पण मधल्या ४-५ वर निळी जोडी येते हे कळल्यावर खुलले. कारण ती जागा टेलिफोनचीच. फोनच्या छोट्या प्लगमध्ये मधल्या दोन पिनांवर लाइन असते, दुसरी लाइन तिच्या दोन्ही बाजूंना. कॉम्प्युटरवाल्यांनी ती रचना पाळली, त्याचीच ही ३ आणि ६ ची विचित्र फारकत. म्हणजे मला दोन दिवस छळलं ते अण्णांच्या खात्याच्या वारशाने, हे मी त्यांना ऐकवलं.

पुन्हा त्याच वायरमनला बोलवायचं की स्वतः करायचं? स्वतः केलं. आणि प्लग चढवायच्या भानगडीत पडलेच नाही. भिंतीतली तार ताठ, एकसंध तारांची असते. तिला प्लग लावून रोज काढघाल केली की ती कंटाळते. तिला भिंतीतच आय.ओ.वर संपवायचं आणि तिथून टेबलापर्यंत मऊ तयार पॅचकॉर्ड लावायची, हे बरं. आय.ओ. म्हणजे भिंतीवरच्या प्लेटमध्ये बसणारी खाच. तिच्यावर रंग छापलेले असतात, म्हणून चूक व्हायला जागा कमी. छापील रंगांच्या दोन रांगा असतात, ए आणि बी. दोन्ही टोकांना एकच पाळायची. आम्ही बी पाळली : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अण्णांनी हे मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहून माझ्या टेबलासमोर चिकटवलं.

तार खाचेत ठोकायला त्यांनी माळ्यावरून आपलं जुनं क्रोनचं हत्यार काढलं. पत्र्याच्या डब्यात, तेल लावून ठेवलेलं. ते बसलं नाही. आमच्या आय.ओ.ला वेगळ्या पात्याचं पंचिंग टूल लागत होतं. अण्णांनी दोनदा फिरवून बघितलं, पुसलं आणि काही न बोलता परत डब्यात ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी ४०० रुपयांचं प्लॅस्टिकचं आणलं. त्याला ते अजून ‘तुझं खेळणं’ म्हणतात.

करताना एकच पथ्य पाळलं. जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवायचा नाही. पहिल्या टोकाला मला पंचवीस मिनिटं लागली, चौथ्याला सहा.

मग तार लावली आणि पडद्यावर आलं, १ गिगाबिट. पाच मिनिटं बघत बसले, तुटली नाही. आयपर्फ नावाचं मोफत साधन दोन टोकांना चालवून मोजलं, तर ९४१ मेगाबिट. १,००० का नाही? कारण प्रत्येक पुडक्यावर पत्ता-पाकीट असतं, त्याचं वजन जातं. गिगाबिटवर ९४१ म्हणजे पैकीच्या पैकी. २५० जीबीला आता ३७ मिनिटं लागली. आणि पहिल्यांदाच असं झालं की सुरुवातीला दाखवलेली वेळ आणि प्रत्यक्ष लागलेली वेळ एकच निघाली. मला वेगापेक्षा याचं अप्रूप जास्त. वायफायवर पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, कधी ३ मिलिसेकंद, कधी ८०. तारेवर एकच्या आत, दिवसभर.

नवऱ्याने लगेच इंटरनेटचा वेग मोजला आणि निराश झाला. “तेच तीनशे!” अहो, कनेक्शनच ३०० चं आहे, तार काय करणार. घरातला वेग निराळा आणि घराबाहेरचा निराळा, हे त्याला अण्णांनीच समजावलं, एक्स्चेंजमधला लोकल कॉल आणि मुंबईचा ट्रंक कॉल या भाषेत.

यावर थांबायला हवं होतं. पण माझ्या कॉम्प्युटरला आणि नॅसला दोन्हींना २.५ गिगाबिटची पोर्टं आहेत हे लक्षात आल्यावर राहवेना. अडसर होता तो राउटरचा, त्याची पोर्टं १ गिगाबिटची. म्हणून पाच पोर्टांचा बिनपंख्याचा २.५ गिगाबिटचा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकमेकींना जोडणारा डबा, घेतला. नॅस, माझी तार आणि राउटर, तिन्ही त्यात. तार तीच, आय.ओ. तेच. मोजणी २.३५ गिगाबिट. फाइल मात्र सेकंदाला २०० एमबीच्या आसपासच जाते, कारण आता तार नव्हे, नॅसमधली फिरती डिस्क दमते. ३७ मिनिटांची २१ झाली. १० गिगाबिटचा मोह मी आवरला. तांब्याच्या तारेवरचे १० गिगाबिटचे स्विच महाग, तापतात, पुष्कळांना पंखा असतो, आणि फिरत्या डिस्कांवर त्यातलं काही पदरात पडत नाही. कधी सगळ्या डिस्क एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या, केल्या तर बघू. भिंतीतल्या २२ मीटरला तोवर हात लावायची गरज नाही.

वायफाय मी बंद केलेलं नाही. फोन, टॅब, पाहुणे, सगळे त्यावरच आहेत, आणि जड माल तारेवर गेल्याने तेही सुधारलंय. माझा नियम इतकाच की जे जागचं हलत नाही त्याला तार. माझा कॉम्प्युटर, नॅस, टीव्ही, मुलाचा गेमचा डबा. अण्णांनी एकदा विचारलं, “इथरनेट म्हणजे नेमकं काय गं?” शोधलं तर निघालं की १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफने हे नाव दिलं, आणि त्याला सुचलं ते हवाई बेटांवरच्या अलोहानेट नावाच्या रेडिओ जाळ्यावरून. म्हणजे मूळ कल्पना बिनतारी. अण्णा म्हणाले, “बघ, तेही आधी हवेत होते.”

खर्च सांगायचा तर तार, आय.ओ., प्लेटा, हत्यार आणि टेस्टर मिळून साडेतीन हजारांच्या आत. मजुरी १,५००. स्विच या सगळ्याहून महाग पडला. भिंतीतल्या प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी ठेवून दिली आहे, आणि पॅसेजमधल्या डबीवर या दिवाळीच्या रंगकामात पुट्टी मारायची नाही असं रंगाऱ्याला आधीच बजावलंय.

महिन्याभराने वायरमनचा फोन आला. मला वाटलं पैशाचं काही राहिलं. “मॅडम, तुमच्याकडे प्रॉब्लेम आला होता का काही? शंभरवर अडकतंय का?” मी त्याला फोन करून काही सुनावलं नव्हतं, याचं मला तेव्हा बरं वाटलं. कर्वेनगरला एका क्लासमध्ये बारा पॉइंट केलेत, म्हणाला, आठही दिवे लागतायत आणि ते सर पैसे देत नाहीयेत. मी अण्णांच्या कार्डाचा फोटो काढून पाठवला. त्याने लगेच उलट विचारलं, “निळा मधेच का, मॅडम?” मी फोन अण्णांकडे दिला. पाऊण तास झाला, अजून परत मिळालेला नव्हता.